व्हायोलिनची बिदागी

महाड-पोलादपूर हा सावित्रीच्या खोऱ्यातला मुलूख मैफली संगीताच्या इतिहासात सहसा येत नाही, आणि त्याचं कारण तिथल्या माणसांच्या गळ्यात किंवा बोटांत शोधण्यात अर्थ नाही. महाड ही जुनी, पैसा खेळलेली बाजारपेठ. खाडीमार्गे आलेला माल इथे उतरायचा आणि घाट चढून देशावर जायचा. वीरेश्वराचा छबिना होता, कीर्तनं होती, भजनी मंडळं होती, गावोगावी खालूबाजा होता. नव्हता तो दरबार. घाटमाथ्यापलीकडे औंध, इचलकरंजी, मिरज, सांगली, कोल्हापूर अशी लहानमोठी संस्थानं दाटीवाटीने बसलेली, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पदरी गवई. घाटाखाली मात्र ब्रिटिशांचा कुलाबा जिल्हा. कलेक्टर काही गवई पदरी ठेवत नाही. त्यामुळे कोकणातल्या ज्या मुलाला गाण्या-वाजवण्यावर जगायचं होतं, त्याच्यापुढे दोनच वाटा उरत: वरंधा नाहीतर आंबेनळी चढून देशावर जायचं, किंवा मुंबई गाठायची. कलावंताची कारकीर्द ही आधी पोटाची व्यवस्था असते आणि मग कीर्ती, हे साधं सत्य दरबार नसलेल्या गावातून पाहिलं की लवकर दिसतं. मराठी मुलखात एकट्याने मंचावर बसून रागविस्तार करणारा व्हायोलिनवादक कसा घडला, हा इतिहासही इथूनच पाहावा असं मला वाटतं. नेहमीची कथा गुरू, साधना आणि रसिकांची दाद यांची असते. ती खोटी नाही. पण त्या वादकाला खरं उभं केलं ते साथीच्या बिदागीने आणि महिन्याच्या पगाराने.

व्हायोलिन हिंदुस्थानात युरोपीय लोकांबरोबर आलं. गोव्यात ते चर्चच्या शाळांमधून रुजलं, मद्रासकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बालुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतासाठी आपलंसं केलं. दक्षिणेत पुढे गायकाच्या शेजारी व्हायोलिन ही जवळजवळ अटच होऊन बसली. महाराष्ट्रात तशी जागा मोकळी नव्हती. ख्यालगायकाच्या मागे सारंगी होती आणि तिला हळूहळू बाजूला सारत पेटी येत होती. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यानंतर पन्नासेक वर्षं मराठी माणसाचं गाण्याचं वेड मुख्यतः संगीत नाटकाने पोसलं. पण तिथेही साथ आधी सारंगीची आणि पुढे पायपेटीची. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हायोलिन मुंबई-पुण्यात दुकानात मिळत होतं, हौशी लोकांच्या घरी टांगलेलं होतं, पण त्याच्यासाठी गायकाशेजारी सतरंजीवर हातभर जागा राखलेली नव्हती. हा मुद्दा पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी आहे, कारण वाद्य लोकप्रिय असणं वेगळं आणि त्या वाद्याला रोजगार असणं वेगळं.

पहिली मोठी कारकीर्द गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांची, आणि ती समजून घ्यायला औंधला जावं लागतं. त्यांचे वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंधचे दरबारी गवई. गजाननरावांनी वडिलांकडे ग्वाल्हेर गायकी घेतली, पुढे रामकृष्णबुवा वझे, भूर्जीखाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडूनही विद्या मिळवली. म्हणजे तीन-चार परंपरांची मुळं असलेला पक्का गवई, आणि त्याच्या हातात व्हायोलिन. त्यांच्या वादनात बंदिशीचा आकार, लयीशी चाललेली झटापट, तानेची ठेवण हे सगळं गाण्यातून आलेलं होतं. इथे कोणी म्हणेल, मग दरबारानेच व्हायोलिनवादक घडवला की, तुमचा पगाराचा सिद्धांत वेगळा काय सांगतो? उलट आहे. दरबाराने गवई पोसला. व्हायोलिन हा त्या गवयाचा दुसरा हात होता. संस्थानी व्यवस्थेत केवळ व्हायोलिनवर उभा राहिलेला, ज्याला गाता आलं नसतं तरी चाललं असतं असा मराठी वादक शोधू गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. शिवाय ही व्यवस्था टिकणारी नव्हती. १९४८ मध्ये औंध विलीन झालं आणि दरबारी तनख्याचा प्रश्नच मिटला. अंतूबुवांनी १९४० मध्ये औंधला सुरू केलेला संगीत महोत्सव आजही भरतो. पण उत्सवाने वर्षाचं अन्न मिळत नाही.

जे दरबाराला जमलं नाही ते रेडिओने केलं. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. चारच महिने आधी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी पाण्याला हात लावला होता. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण कोणी कशाला हात लावायचा हा प्रश्न वाद्यांनाही होताच, त्याकडे पुढे येतो. खासगी कंपनी बुडून सरकारी आकाशवाणी उभी राहिली, आणि मार्च १९४० मध्ये तिने पेटीवर बंदी घातली. हार्मोनियमचे ठरावीक, ताठ स्वर भारतीय श्रुतींना मारक आहेत, मींड त्यावर निघत नाही, असा आक्षेप रवींद्रनाथांसह अनेकांचा होता. आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनीही पेटीवर कडाडून टीका केली होती. ही बंदी १९७१ मध्ये अंशतः उठेपर्यंत तीन दशकं टिकली. पेटीवाल्यांवर हा अन्याय होता हे उघड आहे. पण अन्यायाचाही कोणाला तरी लाभ होतो. रेडिओवर गाणाऱ्या प्रत्येक गायकाला आता गळ्याच्या मागे सरकत जाणारं, न तुटणाऱ्या स्वराचं वाद्य हवं होतं, आणि ते दोनच प्रकारचे लोक देऊ शकत होते: सारंगिये आणि व्हायोलिनवादक. इतकी वर्षं न मिळालेली हातभर जागा एका सरकारी परिपत्रकाने मोकळी झाली.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. या पुणेकर मंत्र्याचं नाव आता बहुधा चित्रपटगीतं रेडिओवरून हद्दपार करणारा सोवळा माणूस म्हणूनच निघतं, आणि तो शेरा त्यांनी कमावलेला आहे. पण त्यांच्याच काळात शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, वाद्यवृंद उभा राहिला, आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांच्या हाताखाली कलावंतांच्या चाचण्या घेऊन श्रेणी लावण्याची पद्धत आली. उस्तादांना या परीक्षा अपमानास्पद वाटल्या, त्यावर रान उठलं. वादकाच्या बाजूने पाहिलं तर मात्र चित्र वेगळं दिसतं. ज्याच्या पाठीशी घराण्याचं नाव नाही, ज्याच्या वाद्याला परंपरेत स्थान नाही, त्याला पहिल्यांदाच एक छापील दर्जा आणि त्या दर्जाची ठरलेली बिदागी मिळाली. विष्णू गोविंद जोग (१९२२–२००४) यांची वाट हीच. मराठी घरातला हा मुलगा लखनौच्या भातखंडे परंपरेच्या महाविद्यालयात रातंजनकरांकडे शिकला, तिथेच शिकवू लागला, मग आकाशवाणीत संगीतनिर्माता झाला आणि शेवटी कोलकात्याचाच झाला. बिस्मिल्ला खाँच्या शहनाईबरोबर त्यांचं व्हायोलिन ऐकलेले लोक अजून त्या जुगलबंद्यांबद्दल बोलतात. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. या सगळ्या काळात महिन्याच्या महिन्याला घरी पैसा येत होता तो आधी महाविद्यालयाचा आणि मग रेडिओचा.

साथीने फक्त पोट भरलं असं म्हटलं तर निम्मीच गोष्ट सांगून होईल. साथीने वादनाची शैलीही घडवली. गायकाच्या मागे वाजवायचं म्हणजे त्याची जागा त्याच श्वासात उचलायची, शब्द नसताना शब्दांचा झोक दाखवायचा, तो थांबला की स्वर धरून ठेवायचा आणि तो निघाला की वाटेतून बाजूला व्हायचं. वर्षानुवर्षं हे करणाऱ्याचा डावा हात गळ्यासारखा चालू लागतो. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांचं घर पलुसकर परंपरेतलं. विघ्नेश्वर शास्त्री हे त्यांचे गुरू, आणि तरुणपणी त्यांनी साथ केली ती द. वि. पलुसकरांना. पलुसकर १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. दातारांच्या पुढच्या एकल वादनात जो संथ, प्रसन्न, बंदिशीला धरून चालणारा आलाप आहे, तो पलुसकरांच्या गाण्याशेजारी बसून कान तयार झालेल्या माणसाचा आहे. महाराष्ट्राबाहेर एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांच्या गायकीवरून आपलं वादन बेतलं. पुढच्या पिढीत गोव्याचे मिलिंद रायकर दातारांकडे शिकले आणि किशोरी आमोणकरांच्या मागे बसले. नकाशा बदलतो, पिढी बदलते. गायकाच्या शेजारची सतरंजी तीच राहते.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. साथीतून एकल वादक घडतो हे खरं असेल, तर सारंगियांचं काय? ते तर व्हायोलिनवाल्यांच्या आधी शंभर वर्षं साथ करत होते, आणि गळ्याच्या जवळ त्यांच्याइतकं कोणी गेलंच नाही. मग मंचाच्या मध्यभागी सारंगी इतकी कमी वेळा का आली? याचं उत्तर बिदागीत पुरतं सापडत नाही हे मान्य करायला हवं. सारंगीला कोठीचा वास लावला गेला होता. ती वाजवणारे बहुतेक ठरावीक मुसलमान घराण्यांतले, आणि ज्या मध्यमवर्गाने विसाव्या शतकात संगीत विद्यालयं काढली, मंडळं चालवली, रेडिओच्या समित्यांवर बसला, त्याला आपल्या मुलाच्या हातात सारंगी पाहवत नव्हती. व्हायोलिनला असा कलंक नव्हता. ते साहेबाचं, पेटीतून नेण्याचं, सभ्य वाद्य होतं. कोणत्याही जातीची ती वृत्ती नव्हती. म्हणून ते कोणालाही हाती घेता आलं असतं, पण प्रत्यक्षात ते घेतलं बहुतकरून एकीकडे ब्राह्मण आणि मध्यमवर्गीय हिंदू घरांनी आणि दुसरीकडे गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांनी. रोजगाराचं दार उघडलं की त्यातून आधी कोण आत जातं हे समाज ठरवतो. तरीही मूळ मुद्दा यामुळे कोसळत नाही. कारण ज्या एका माणसाने सारंगीला एकल वाद्य म्हणून जगभर नेलं, त्या राम नारायण यांची कथा पाहा: रेडिओवरची साथ सोडून ते १९४९ मध्ये मुंबईत आले, चित्रपटांच्या स्टुडिओत वाजवून त्यांनी संसार चालवला, आणि १९५६ पासून एकट्याने मैफली करायला लागले. कलंक झुगारायलासुद्धा आधी खिशात पैसे लागतात.

स्टुडिओ हा शब्द आला की मुंबईतल्या दुसऱ्या व्हायोलिनकडे वळावं लागतं, म्हणजे नोटेशन वाचून खांद्यावर धरून वाजवायच्या पाश्चात्त्य व्हायोलिनकडे. मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. वादक कोण? काही हौशी पारशी आणि युरोपीय, काही हॉटेलांच्या बँडमधले गोवेकर, काही नौदलाच्या बँडचे. श्रोते होते, सभागृहं होती, दर्दी आणि श्रीमंत लोकही होते. पगार देणारी संस्था नव्हती. मेहता १९४५ मध्ये न्यूयॉर्कला इव्हान गॅलेमियन यांच्याकडे शिकायला गेले, परतले, आणि पन्नाशीच्या दशकात मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात नोकरी धरून कायमचे बाहेर पडले. अखेर लॉस एंजेलिसला अमेरिकन यूथ सिम्फनी त्यांनी उभारली. त्यांचा मुलगा झुबिन जगप्रसिद्ध झाला तो व्हिएन्नात शिकून. मुंबईने मेहतांना टाळ्या भरपूर दिल्या. ज्यांना बिदागीचा हा युक्तिवाद फार रोकडा वाटतो, त्यांनी या घराचं स्थलांतर कशामुळे झालं ते सांगावं.

गोवेकर मात्र मुंबईतच राहिले, कारण त्यांच्यासाठी काम होतं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांमधल्या बँडांचं कंबरडं मोडलं, आणि नेमक्या त्याच वर्षांत हिंदी चित्रपटसंगीताला मोठमोठे वाद्यवृंद हवे झाले. पॅरिशच्या शाळेत नोटेशन शिकलेला मुलगा सकाळी स्टुडिओत बसून, कागद समोर ठेवून, पूर्वी कधी न ऐकलेलं गाणं लगेच वाजवू शकत असे. बाकीच्यांना ते पाठ करावं लागे. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) या वर्गातले सगळ्यांत विचारी. प्यारेलाल त्यांचे शिष्य. चित्रपटातल्या रोजंदारीवर समाधान न मानता त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमवून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो प्रयोग टिकला नाही. गोन्साल्विस पुढे अमेरिकेला गेले आणि नंतर गावी परतून विस्मृतीत राहिले; लोकांना त्यांचं नाव माहीत झालं ते १९७७ च्या एका विनोदी गाण्यामुळे. इथे माझ्या सिद्धांताची मर्यादा दिसते, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. स्टुडिओने पैसा दिला, पण तिथला व्हायोलिनवादक वीस-तीस जणांच्या रांगेत बसणारा, श्रेयनामावलीत नाव नसलेला. रेडिओवरच्या साथीदाराचं नाव निवेदक घेत असे. गायकाच्या शेजारी बसलेला माणूस श्रोत्याला दिसत असे. बिदागीबरोबर नावही मिळालं तरच तिच्यातून कारकीर्द उभी राहते.

त्याची खूण मराठीतच आहे. पेडण्याजवळच्या पार्से गावचे श्रीधर पार्सेकर (१९२०–१९६४) शास्त्रीय मैफल, संगीत दिग्दर्शन आणि भावगीत या तिन्ही ठिकाणी वावरले आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. इतक्या छोट्या आयुष्यातही त्यांचं नाव राहिलं. प्रभाकर जोग (१९३२–२०२१) हे तर चांगलंच उदाहरण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला नवं गीत देणाऱ्या ‘गीतरामायणा’त सुधीर फडक्यांच्या वाद्यमेळात त्यांचं व्हायोलिन होतं. नंतर संगीत संयोजक म्हणून, संगीतकार म्हणून त्यांनी काम केलं, आणि उतारवयात ‘गाणारं व्हायोलिन’ घेऊन एकटे मंचावर बसले, तेव्हा शब्दांशिवाय वाजणाऱ्या प्रत्येक ओळीचे शब्द श्रोत्यांना पाठ होते. अभिजात संगीताचे कडक पहारेकरी याला एकल वादन मानणार नाहीत. त्यांनी मानू नये. पण साथीत मिळवलेलं नाव शेवटी मंचाच्या मध्यभागी कसं वटतं, हे त्यातून कळतंच.

आता पियानो. मुंबईत पियानो होते, उत्तम वादकही होते. ओल्गा क्रेन यांच्यासारख्या शिक्षिकेकडे पिढ्या शिकल्या, स्टुडिओत ल्युसिला पाशेको यांच्यासारख्या पियानोवादक होत्या. तरीही हिंदुस्थानी मैफलीत पियानोवादकाची परंपरा अशी तयार झाली नाही. ठरलेलं उत्तर असं की पियानोवर मींड निघत नाही. हे उत्तर मला पटत नाही. पेटीवरही मींड निघत नाही, तरी गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशी पेटीवाल्यांची रांग मराठीत आहे, आणि त्यांतल्या काहींची एकल वादनं लोकांनी पैसे देऊन ऐकली. संतूरवरही मींड जवळजवळ नाहीच. खरी अडचण पियानो साथीला बसू शकत नाही ही होती. तो दिवाणखान्यात कायमचा राहतो, कोकणच्या दमट हवेत उतरतो, स्वर लावायला खास माणूस लागतो, आणि महाडच्या गणेशोत्सवात किंवा औंधच्या उत्सवात तो पोचवायचा तर घाटातून बैलगाडीने न्यावा लागेल. पेटी बगलेत मारून गायकाबरोबर कुठेही जाते, व्हायोलिन तर तिच्याहून हलकं. गायकाच्या बाजूला बसण्याची पहिली पायरीच पियानोला नव्हती. वरच्या पायऱ्या असून उपयोग काय? अलीकडे अभिजित पोहनकरांसारखे वादक शास्त्रीय राग वाजवतात ते उचलून नेता येईल अशा कीबोर्डवर, आणि तिथे स्वर सरकवण्याची सोयही आहे.

या सगळ्या व्यवस्थेचे खांब आता एकेक करून निखळले आहेत. पेटी रेडिओवर परतली आणि गायकाच्या शेजारी तिने आपली जागा पुन्हा घेतली. आज ख्यालाच्या मैफलीत व्हायोलिनची साथ अपवादाने दिसते. नव्वदीच्या सुमारास सिंथेसायझरने स्टुडिओतली व्हायोलिनची रांग रिकामी केली. एनसीपीएने २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया काढला, पगारी वादकांची ती पहिली मोठी संस्था. पण आरंभी तिच्या खुर्च्यांवर कझाकस्तान आणि अन्य देशांतून आलेले वादक मोठ्या संख्येने होते, कारण मेहली मेहता देश सोडून गेल्यानंतरच्या पन्नास वर्षांत पगार नसल्यामुळे वादकही घडले नव्हते. उलट बाजूला कला रामनाथ, रागिणी आणि नंदिनी शंकर अशा मुंबईकर वादक देशोदेशी वाजवतात. त्या सगळ्या एकाच कुटुंबाच्या परंपरेतल्या आहेत, आणि हे योगायोगाने झालेलं नाही: बाहेरची संस्था हटली की शिक्षणाचा आणि अनिश्चित वर्षांचा खर्च पुन्हा घरालाच उचलावा लागतो, जसा तो संस्थानं आणि रेडिओ येण्यापूर्वी उचलावा लागत असे. पुण्यात अतुलकुमार उपाध्ये यांची व्हायोलिन अकादमी शिकवण्याबरोबर ‘स्वरझंकार’सारखा महोत्सवही भरवते. म्हणजे वादकाने स्वतःचा मंच स्वतःच बांधायचा आणि शिकवणीच्या फीवर तो चालवायचा. महाड-पोलादपूरच्या एखाद्या मुलीला आज व्हायोलिन ऑनलाइन शिकता येईल, वाद्यही काही हजारांत घरपोच मिळेल. तिची पहिली दहा वर्षांची बिदागी कुठून येणार, हा प्रश्न मात्र १९४० च्या आधी जिथे होता तिथेच परत येऊन उभा आहे.